हवेचं छप्पर मोजायला गेलो ते सहा दिवस

कशासाठी गेलो ते आधी सांगते म्हणजे पुढचं नीट लागेल. एका खोऱ्यातल्या शहराच्या हवेचं मॉडेल, म्हणजे धूर किती सुटतो आणि कुठे पसरतो त्याचा कॉम्प्युटरवरचा हिशोब, आम्ही दोन वर्षं चालवतोय. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे नदी, नदीकाठी शहर, आणि वारा जिकडे वाहतो तिकडे पन्नासेक किलोमीटर सपाट शेतीचा भाग. मॉडेलने काढलेला पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, आणि शहरातल्या मशीनने मोजलेला पीएम २.५, दोन्हीच्या रेघा एकमेकींवर इतक्या छान बसायच्या की आम्ही खूश होतो. पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक गाव आहे, तिथे मॉडेल रोज सकाळी नऊ ते अकराच्या मधे एक मोठा उंचवटा दाखवायचं आणि तिथलं मशीन तेवढं काही दाखवायचं नाही. एकदा नाही, रोज. सर म्हणाले, "शहरात बरोबर येतंय ते खरंच बरोबर आहे का ते आधी बघा. जमिनीवर बसून कळणार नाही, वर मोजा."

म्हणून थंडीतले सहा दिवस काढले, व्हॅन घेतली, बांधून उडवायचा बलून घेतला आणि निघालो. मी, यंत्रांचं बघणारा एक सहकारी आणि व्हॅनचे ड्रायव्हर मामा. मॉडेल चालवणारा मुलगा ऑफिसातच थांबला, रोज रात्री त्याच्याशी फोन.

दिवस पहिला

पूर्ण दिवस शहराच्या कडेला एका मोकळ्या मैदानात कॅलिब्रेशनमधे गेला. बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणं वाटतं पण मला ते मनापासून आवडतं, कारण पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास इथे कमवायचा असतो. आधी मशीनला झिरो एअर द्यायची, म्हणजे ज्यात काहीच नाही अशी गाळलेली हवा, आणि मशीन शून्य म्हणतंय का बघायचं. मग सिलिंडरमधला माहीत असलेला गॅस द्यायचा आणि तेवढाच आकडा येतो का बघायचा. ओझोनचं मशीन त्यातल्या त्यात सरळ स्वभावाचं: २५४ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश हवेतून सोडायचा, किती शोषला गेला ते मोजायचं, तेवढा ओझोन. आणि व्हॅनच्या छतावरून येणारी नळी टेफ्लॉनचीच हवी, कारण साध्या रबरी नळीत ओझोन रबराशीच रिअॅक्ट होतो आणि मशीनपर्यंत पोचेस्तोवर निम्मा उडालेला असतो.

दुपारी नळीच्या एका जोडात बारीक फट सापडली. मशीन व्हॅनच्या आतलीच हवा थोडी थोडी ओढत होतं, आणि त्या आकड्यांकडे बघून शंका यावी असं काहीच नव्हतं. सहकाऱ्याने जोडाजवळ हाताने झिरो एअरची नळी धरली, आकडा खाली पडला, तेव्हा कळलं. जोड बदलला, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मामा हे सगळं बघत होते. म्हणाले, "ताई, हवा इथली खराब आहे हे तर नाकालाच कळतंय, मग एवढं काय मोजायचं?" मी म्हटलं मामा, खराब आहे ते कळतं, का खराब आहे ते नाकाला कळत नाही. धूर वाढला म्हणून आहे, की धूर तेवढाच पण जागा कमी पडली म्हणून?

ही जागेची गोष्ट म्हणजेच सगळ्याचं मूळ. दिवसा ऊन जमीन तापवतं, जमीन हवेला तापवते, गरम हवा वर चढते, आणि जमिनीजवळची हवा हजार, दीड हजार, कधी दोन हजार मीटरपर्यंत घुसळून निघते. ह्या घुसळलेल्या थराच्या वरच्या टोकाला मी छप्पर म्हणते, पुस्तकात त्याला मिक्सिंग हाइट म्हणतात. सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते, तिला चिकटलेली हवा थंड आणि जड होते, वर गरम हवा राहते, म्हणजे नेहमीच्या उलट. हेच इन्व्हर्जन. मग छप्पर शंभर-दोनशे मीटरवर येतं, कधी त्याहूनही खाली. दीड हजारावरून शंभरावर आलं तर तेवढाच धूर पंधरापट दाट, सोडणाऱ्यांनी एक काडीही जास्त जाळलेली नसताना. लंडनला ५ डिसेंबर १९५२ पासून पाच दिवस जे झालं त्यात कोळशाचा धूर काही त्या आठवड्यात नवीन आला नव्हता, छप्पर खाली येऊन बसलं होतं आणि वारा पडला होता. हजारो माणसं गेली.

दिवस दुसरा

पहाटे चारला उठलो. परवानगी आधीच घेतलेली होती, विमानांच्या वाटेत बलून सोडायचा म्हणजे ती लागतेच. हीलियम भरून बलून फुगायला पाऊण तास लागला, गवतावर दव इतकं की बूट आत ओले. बलूनच्या खाली दोरीला एक छोटा डबा बांधलेला, त्यात तापमान, आर्द्रता, दाब, वारा आणि धूलिकणांचा सेन्सर. मी विंचवर, म्हणजे दोर सोडायच्या चरखीवर, सहकारी लॅपटॉपवर.

दहा दहा मीटर सोडत, प्रत्येक थांब्यावर एक मिनिट. जमिनीवर ९ अंश. वीस मीटरवर १०. चाळीसवर साडेअकरा. सहकारी आकडे मोठ्याने वाचत होता आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा गरम, बलून अंधारात वर जातोय आणि उन्हाळ्याकडे चाललाय असं वाटत होतं. ऐंशीवर १४. आणि तिथे धूलिकणांचा आकडा, जो इतका वेळ जेमतेम हलत होता, तो तीस मीटरच्या आत एकदम कोसळला. एकशे दहावर डबा जवळजवळ स्वच्छ हवेत होता. आम्ही खाली त्याच गढूळ हवेत उभे, नाकातोंडात जळक्या प्लास्टिकचा वास, आणि डोक्यावर शंभर मीटरवर चांगली हवा! चालत दोन मिनिटांचं अंतर, फक्त उभं.

एक सांगायला हवं, पहिल्या फेरीचे धुळीचे आकडे मी तसेच्या तसे धरले नाहीत. हे छोटे सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो त्यावर चालतात, आणि हवा दमट असली की कण पाणी पिऊन फुगतात, सेन्सरला वाटतं धूळ वाढली. पहाटे खाली आर्द्रता नव्वदीच्या वर होती. म्हणून तसाच दुसरा सेन्सर रात्रभर मैदानात मोठ्या मशीनच्या शेजारी ठेवला होता, त्याच्याशी ताडून दुरुस्ती केली. खालचे आकडे बरेच उतरले, पण तो कडा, ऐंशी ते एकशे दहा मीटरमधला, जागचा हलला नाही.

उजाडल्यावर ऑफिसात फोन केला. म्हटलं तुझ्या मॉडेलमधे काल रात्री छप्पर किती होतं? त्याने बघून सांगितलं, "ताई, दोनशे साठ."

मी जरा वेळ काही बोललेच नाही. मॉडेलचं छप्पर खऱ्याच्या जवळपास तिप्पट उंच, म्हणजे त्याच्याकडे धूर पसरायला तिप्पट जागा. तरीही जमिनीवरचा आकडा मशीनशी जुळतोय. मग मॉडेल रात्री खऱ्याच्या दोन-तीनपट धूर हवेत सोडतंय, ह्याशिवाय दुसरं काय कारण असणार? दोन चुका एकमेकींना झाकून होत्या आणि त्यांच्यावर आमची ती सुंदर रेघ उभी होती.

दिवस तिसरा

खालच्या अंगाचं गाव. सकाळी आठला व्हॅन शेताच्या कडेला लावली. शहरातून निघालेली हवा इथे पोचायला चार-पाच तास घेते, आणि वाटेत ती तीच राहत नाही, हे सांगण्यासाठी मला ह्या गावात यायला आवडतं.

दुपारी ओझोन शहरापेक्षा जास्त निघाला. आजूबाजूला ना कारखाना ना ट्रॅफिक, हिरवं शेत, आणि ओझोन शहरापेक्षा जास्त. शेतातले एक आजोबा विचारायला आले त्यांना हे पटेना, आणि न पटणं बरोबरच आहे. ओझोन कुणी सोडत नाही, तो वाटेत तयार होतो. गाड्यांमधून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात, पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट ह्यांच्यातून वाफा निघतात, वर ऊन पडतं, आणि काही तासांत ओझोन. शहरात मात्र गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला तिथल्या तिथे खाऊन टाकतो. म्हणून जिथे गाड्या कमी तिथे तो उरतो. हे कोडं पहिल्यांदा सोडवलं ते लॉस एंजेलिसमधे, १९५० च्या आसपास, हागन-स्मिट नावाच्या केमिस्टने. तो माणूस अननसाचा वास कशाने येतो ते शोधत होता, त्याच पद्धतीने त्याने बाहेरची हवा गोठवून तपासली. त्या काळी हवेत ओझोन किती आहे ते ताणून ठेवलेल्या रबराला किती चिरा पडतात त्यावरून बघायचे. परवाच्या माझ्या टेफ्लॉनच्या नळीचं कारण तेच.

इथे नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. आमचं मशीन आधी त्याला तापलेल्या मॉलिब्डेनमवरून नेऊन नायट्रिक ऑक्साइड करतं आणि मग मोजतं, आणि त्या तापलेल्या धातूवर नायट्रिक अॅसिडसारख्या बाकीच्या गोष्टीही बदलतात. ताज्या धुरात फरक पडत नाही पण चार तास शिळ्या हवेत मशीन जास्त दाखवतं. म्हणून वहीत आकड्यापुढे तसा शेरा मारला.

दुपारी दीडच्या सुमारास सेंटिनेल-५पी हा उपग्रह डोक्यावरून जातो. २०१७ साली सोडलेला, त्याच्यावरचं ट्रोपोमी यंत्र साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरच्या चौकोनात नायट्रोजन डायऑक्साइड बघतं, आणि खरोखर डोळे दिपवणारे नकाशे येतात. पण तो बघतो जमिनीपासून वरपर्यंतचा पूर्ण खांब, आणि येतो दुपारी, छप्पर सगळ्यात उंच असताना. आमचा प्रश्न पहाटे चारचा. तिथे उपग्रहाचा काही उपयोग नव्हता, दोरीला बांधलेला डबाच लागणार होता.

सकाळचा उंचवटा? मॉडेलमधे होता, आमच्या मशीनमधे जेमतेम. आता मला तो कुठून येतो ते दिसायला लागलं होतं. मॉडेल रात्री नसलेला धूर सोडतं, उंच छपराखाली तो जास्त वरपर्यंत जातो, वर वारा जोरात असतो तो त्याला गावाकडे आणतो, आणि सकाळी गावातलं ऊन हवा घुसळायला लागलं की तो वरून खाली उतरतो.

दिवस चौथा

डोंगरावर. मामांनी रात्री अडीचला गाडी काढली, वळणावळणाचा कच्चा रस्ता, साडेचारला कड्यावर. शहरापासून साधारण पाचशे मीटर उंच.

इथल्या ओझोनने आपलं म्हणणं रात्रीच सांगितलं. खाली शहरात रात्री तो शून्याजवळ जातो, इथे दुपारच्यापेक्षा थोडाच कमी. कारण काल दुपारी घुसळलेली हवा सूर्यास्तानंतर इथे वर अडकून राहते, खालून कुणी खायला येत नाही. सकाळी खालचं छप्पर चढत चढत ह्या थरापर्यंत आलं की हा साठा परत खाली मिसळतो, म्हणून शहरात सकाळचा ओझोन नुसता त्या दिवसाचा नसतो, त्यात कालचाही असतो.

मग उजाडलं. मी ह्यावर इतकी वर्षं काम करते पण छप्पर असं डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. खोरं काठोकाठ भरलेलं, राखाडी, आणि वरची कड एकदम सपाट, पातेल्यातल्या दुधासारखी. त्याच्याखाली शहर, म्हणजे आहे हे माहीत म्हणून. फक्त वीजकेंद्राची चिमणी त्यातून वर आलेली आणि तिचा धूर त्या सपाटीच्या वरून आडवा, एका पट्टीत, गावाच्या दिशेने. मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, खूप वेळ बघत होते, मग म्हणाले, "आपण त्याच्या आत झोपतो होय."

उंच चिमणीचं हे असं असतं. रात्री तिचा धूर इन्व्हर्जनच्या वर सुटतो, खाली कुणाला त्रास नाही, आणि मग सकाळी दहाच्या सुमारास छप्पर त्या उंचीला पोचलं की सगळा एकदम जमिनीवर. काल गावात सव्वादहाला सल्फर डायऑक्साइड वीस मिनिटं वर चढून उतरला होता, तो हाच. चिमण्या उंच केल्या की शेजारची हवा सुधारते आणि लांबची बिघडते. युरोपातला गंधक स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांमधे आम्ल होऊन पडला, त्यावरूनच १९७९ मधे जिनिव्हाला देशादेशांमधे करार झाला.

मॉडेलच्या बाबतीत डोंगराची एक वेगळी अडचण. मॉडेल सगळ्या भागाचे चौकोन पाडून हिशोब करतं, आमचा चौकोन तीन किलोमीटरचा, त्यात कडा, उतार, दरी सगळ्याची सरासरी होते, त्यामुळे मॉडेलमधला हा कडा खऱ्यापेक्षा दोनशे मीटर ठेंगणा. मॉडेलचा सगळ्यात खालचा थर घेऊन कड्यावरच्या मशीनशी ताडला तर दोन वेगळ्या उंचीची हवा ताडल्यासारखं होतं. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची धरून मॉडेलमधला त्या उंचीचा थर घ्यायचा. तसं केल्यावर ओझोन चांगलाच जुळला, आणि ह्यावेळी जुळण्याचं कारणही बरोबर होतं.

दिवस पाचवा

वारा. बलून उडवण्यासारखा नव्हताच, दोर तुटला असता. दिवस आकडे साफ करण्यात गेला.

संध्याकाळी मी मामांना सहज म्हटलं की आमच्या हिशोबात रात्री शहराच्या जुन्या हायवेवरून ट्रकांचा खूप धूर धरलाय, कारण रात्री ट्रक जास्त असतात. मामांनी लगेच मान हलवली. "कुठं ताई. बायपास झाल्यापासून ट्रक बाहेरून जातात. आत कोण येतंय आता."

एमिशन इन्व्हेंटरी म्हणजे कुठून, किती, कधी धूर निघतो त्याची खातेवही. आमची बायपासच्या आधीच्या ट्रॅफिक मोजणीवरून केलेली होती. ही गोष्ट मला ऑफिसात बसून सापडली नव्हती, रोज त्या रस्त्याने गाडी चालवणाऱ्या माणसाला ती माहीत होती.

मग रात्री अकरा ते पहाटे पाच, पुलाजवळ व्हॅन लावून आम्ही दोघं मोजत बसलो. मामा ट्रक मोजणार, मी बाकीच्या गाड्या. त्यांची वही माझ्याकडे आहे अजून, चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, तासाला एक ओळ. दोन ते तीनच्या ओळीत फक्त तीन जुड्या आणि दोन सुट्या रेघा. खातेवहीत होते त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण त्याच रात्री आणखी एक दिसलं जे खातेवहीत कुठेच नव्हतं: नदीकाठाला साडेअकरापर्यंत कचरा जळत होता, आठ-दहा ठिकाणी, छोटे छोटे ढीग. वारा तोवर पडला होता आणि प्रत्येक ढिगाचा धूर थोडा वर जाऊन आडवा व्हायचा आणि पुलाखाली साचायचा.

दिवस सहावा

परत निघायच्या आधी मैदानात पुन्हा पहाटे बलून. छप्पर ह्यावेळी एकशे तीसच्या आसपास, तापमानाचा चढ जरा कमी. दोनच रात्री मोजल्यात, त्यामुळे त्यांच्या जोरावर फार बोलू नये हे मला कळतं, पण दोन्ही रात्री दोनशे साठच्या जवळपासही नव्हत्या.

गाडीतूनच ऑफिसात फोन चालू. मॉडेलमधे रात्रीच्या मिसळण्याला एक किमान आकडा ठेवलेला असतो, त्याच्या खाली तो जाऊ देत नाही, नाहीतर शांत रात्री मॉडेल जमिनीवर अवास्तव धूर साचवतं. तो आकडा दोन वर्षांपूर्वी मीच वाढवून ठेवला होता, कारण तसं केल्यावर शहराची रेघ जुळली होती. मी त्या मुलाला म्हटलं तो खाली आण. त्याने आणला, छप्पर एकशे वीसवर आलं, आणि शहराचा आकडा मशीनच्या दुपटीहून वर गेला. आमची सुंदर रेघ गेली. तो म्हणाला, "ताई, हे तर बिघडलं." मी म्हटलं बिघडू दे, आता खरी चूक उघड्यावर आली. आता ट्रक मामांच्या वहीप्रमाणे घाल.

घातले. शहर खूपसं खाली आलं, पहाटे तर मशीनच्या अगदी जवळ. गावातला सकाळचा उंचवटा अर्ध्यापेक्षा लहान झाला. आणि संध्याकाळी सात ते अकरा मॉडेल आता मशीनपेक्षा खाली पडायला लागलं, तिथे आधी कधीच पडत नव्हतं. म्हणजे नदीकाठचे ते ढीग. इतके दिवस नसलेल्या ट्रकांच्या धुराने त्यांचा धूर झाकला होता, आणि ढीग जाळणाऱ्यांकडे कुणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं.

मी त्याला म्हटलं नदीकाठाचा नकाशा काढून ठेव, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी चालत जाऊन एकेक ढीग मांडायचाय. मामा आरशातून बघत म्हणाले, "पुलाच्या खालच्या अंगानं घ्या ताई, वरच्या अंगाला पावलं टाकायला वाट नाही."